डाव्या हाताला काम द्या : कॉर्डच्या वाटेने पियानो

आपल्याकडे घरात कीबोर्ड आला की त्याला 'कॅसिओ' म्हणतात, वर नाव कुठल्याही कंपनीचं असो. पहिल्या संध्याकाळचा कार्यक्रमही ठरलेला. शाळेत असताना ज्याने थोडीफार पेटी वाजवली असेल तो उजव्या हाताने एखादी आरती काढतो, घरचे कौतुक करतात, आणि डावा हात तेवढा वेळ मांडीवर पडून असतो. आठ दिवसांत आरतीचा कंटाळा येतो. महिन्याभराने कीबोर्डवर इस्त्रीला द्यायचे कपडे असतात.

माझं वेगळं काही झालं नव्हतं. नाशिकला पंचवटीतल्या आमच्या जुन्या घरात पेटी होती, भजनाच्या साथीपुरती मला ती येतही होती. चाळिशीत इंदिरानगरला राहायला आलो, हौसेने कीबोर्ड घेतला, क्लास लावला. तिथे सहा महिने नुसते स्केल, म्हणजे सुरांचे आरोह-अवरोह, घोटवले. शिकवण्यात चूक काही नव्हती, पण गाणं एकही हाती लागलं नाही. मग एकदा कालिदास कलामंदिरात जुन्या गाण्यांच्या कार्यक्रमाला गेलो असताना कीबोर्डवाल्याच्या हातांकडे नीट पाहिलं. चाल गायिका गात होती. तो चाल वाजवतच नव्हता. डाव्या हाताने दोन-तीन सूर एकदम दाबत होता, थांबत होता, पुन्हा वेगळे तीन दाबत होता. एवढंच.

पेटीत डावा हात भात्यावर असतो. वीस वर्षं पेटी वाजवली तरी त्या हाताला हवा भरण्यापलीकडे काही येत नाही. पियानोला भाता नाही, त्यामुळे पेटीवाल्याचा डावा हात तिथे एकदम बेकार होतो. कॉर्ड, म्हणजे असे एकदम दाबलेले सूर, ही त्या हाताची नोकरी. खाली जे सांगतोय ते सगळं ह्यातूनच निघालंय: चाल गळ्यातून येऊ द्या, हातांनी आधी साथ शिका.

ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या ग्रेड परीक्षा द्यायच्या असतील तर मात्र पाच रेघांचं नोटेशन आणि स्केल यांना पर्याय नाही, त्यासाठी शिक्षकच गाठा. हा लेख घरात, मित्रांत, भजनात, गणपतीत गाणाऱ्यांसाठी आहे.

वाद्य आणि बैठक

६१ पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. खऱ्या पियानोला ८८ असतात, पण कॉर्ड शिकायला पाच सप्तकं भरपूर झाली. घेताना तीन गोष्टी बघा. पट्ट्या पूर्ण आकाराच्या हव्यात. खेळण्यातल्या बारक्या पट्ट्यांवर लागलेली सवय पुढे मोडावी लागते. मागे पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर लांबवायची कळ, जोडायला भोक हवं. आणि पट्टी हळू दाबली तर आवाज हळू, जोरात दाबली तर मोठा, असं व्हायला हवं. दुकानदाराला 'टच सेन्सिटिव्ह आहे का' असं विचारा आणि त्याच्या हो-वर न जाता स्वतः दाबून बघा.

ह्या तिसऱ्या गोष्टीवर मी अडून बसतो, कारण पियानो जन्मला तोच त्यासाठी. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार खुडली जायची. बोट कसंही ठेवा, आवाज जवळपास तेवढाच. फ्लोरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास तारेवर हातोडी मारणारी यंत्रणा घडवली आणि आवाज बोटाच्या ताब्यात आला. 'पियानो' हे नाव 'हळू आणि मोठ्याने' अशा अर्थाच्या इटालियन शब्दांतलं उरलेलं अर्धं. पेटीला हे सुख नाही. तिथे जोर भात्यातून येतो आणि सगळ्या सुरांना सारखाच वाटला जातो.

कीबोर्ड जेवणाच्या टेबलावर ठेवू नका. तो उंच होतो, खांदे वर जातात आणि अर्ध्या तासात मान धरते. कोपर पट्ट्यांच्या पातळीत यावं एवढी खुर्ची-स्टँडची उंची जमवा. मांडी घालून वाजवायची पेटीची सवय असेल तर ती इथे सोडा, पाय जमिनीवर हवेत. पुढे पेडल येणार आहे. डिसेंबरात निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायला लागल्या की सकाळी बोटं आखडलेली असतात. कोमट पाण्यात दोन मिनिटं हात बुडवा, मग बसा.

शेजाऱ्यांची काळजी करू नका. श्रावणापासून ढोलपथकांचा सराव ऐकणाऱ्या नाशिककरांना तुमचा पियानो काय लागतो! तरी हेडफोन घ्याच. ते शेजाऱ्यांपेक्षा तुमच्या भिडेसाठी असतात. कुणी ऐकत नाही हे कळलं की माणूस मोकळेपणी चुकतो.

पट्ट्यांची नावं तुम्हाला येतात

काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा जोड्यांनी बसलेल्या दिसतील. दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे सी. पेटीवाल्यांच्या भाषेत पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढऱ्या पट्ट्या सरळ मोजायच्या: पांढरी दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळ्यांचंही तसंच. दोनातली पहिली काळी एक, दुसरी काळी दोन, मग तिनातल्या काळी तीन, चार, पाच. गाणाऱ्या बाई 'काळी चार लावा' म्हणतात ती हीच.

सुरुवातीला पांढरी एकलाच सा माना. मग सगळ्या पांढऱ्या पट्ट्या म्हणजे सा रे ग म प ध नी, सगळे शुद्ध, बिलावल थाट. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डावीकडून तिसरा सी हा मधला सी. उजव्या हाताचं घर तिथे किंवा त्याच्या वर. डाव्या हाताचं घर त्याच्या एक सप्तक खाली, म्हणजे डावीकडून दुसरा सी.

त्याहून खाली तीन सूर एकत्र दाबू नका. करून बघा, आवाज चिखलासारखा येतो. खालच्या प्रत्येक सुरात वरचे बारीक सूर मिसळलेले असतात, आणि खर्जातले दोन सूर जवळजवळ असले की ते बारीक सूर एकमेकांत घुसमटतात. खर्जात एकटा सूर शोभतो, फार तर आठव्याची जोडी, म्हणजे तोच सूर एक सप्तक वर.

तीन सूर, एक आवाज

सा, ग, प एकदम दाबा. ही सी कॉर्ड. रामकुंडापाशी अरुणा, वरुणा आणि गोदावरी मिळतात असं आपण ऐकत आलो. पुढे नाव एकच राहतं, गोदावरी. कॉर्डचंही तसंच. तीन सूर असतात, नाव पायाच्या सुराचं.

आता मोजणी. सी ते ई ह्यात पुढच्या पट्ट्या मोजा, काळ्या धरून: चार. ई ते जी: तीन. चार आणि तीन झालं की मेजर कॉर्ड. उलटं करा, आधी तीन मग चार, की मायनर. कुठल्याही पट्टीवर बोट ठेवा आणि चार-तीन मोजा, मेजर तयार. पाठांतराची गरज नाही. सी कॉर्डमधलं मधलं बोट ई वरून लगतच्या काळी दोनवर आणा: गंधार कोमल झाला आणि चेहरा उतरला. मेजर-मायनरचा सगळा खेळ ह्या एका गंधारावर आहे, हे गाणाऱ्याला जितकं पटकन उमगतं तितकं पुस्तक वाचणाऱ्याला नाही.

नेटवर गाण्यांच्या कॉर्ड्स लिहिलेल्या असतात तिथे नुसतं अक्षर असेल तर मेजर, पुढे धाकटा एम असेल तर मायनर.

पेटीत मुरलेल्या कानाला सुरुवातीला एक गोष्ट खटकू शकते: सी कॉर्डमधला ग थोडा चढा लागतो. कान बरोबर आहे. पियानोत सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात, त्यामुळे कुठल्याही पट्टीवरून गाता येतं. त्याची किंमत म्हणून तानपुऱ्यात आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा हा सुमारे १४ सेंटने चढा असतो. दोन लगतच्या पट्ट्यांत १०० सेंट, म्हणजे फरक तसा बारीक. हल्लीच्या बहुतेक पेट्याही असंच जुळवलेल्या असतात. भांडण जुनं आहे, आपण त्यात पडायला नको.

त्रितालात चार कॉर्ड्स

पहिल्या पंधरा दिवसांचं काम एवढंच आहे. चार कॉर्ड्स, सगळ्या पांढऱ्या पट्ट्यांवर:

सी – सा ग प
ए मायनर – ध सा ग
एफ – म ध सा
जी – प नी रे

मोबाइलवर त्रिताल लावा, तबल्याची अॅप्स भरपूर आहेत. लय मिनिटाला ६० मात्रा. सोळा मात्रांचे चार विभाग, प्रत्येक विभागाला एक कॉर्ड. धा धिं धिं धा, सी. धा धिं धिं धा, ए मायनर. खालीच्या विभागावर, धा तिं तिं ता, एफ. आणि ता धिं धिं धा, जी. मग सम, आणि पुन्हा सी.

मेट्रोनोमच्या टिकटिकीपेक्षा मला हे फार बरं वाटतं, कारण समेवर येण्याची ओढ आपल्या अंगात आहे आणि जी कॉर्डमध्येही नेमकी तीच ओढ आहे. जीमध्ये नी असतो. नुसता नी दाबून धरा आणि गप्प बसा, तुमचा गळा सा म्हटल्याशिवाय राहणार नाही. शेवटच्या विभागातली जी तुम्हाला ओढून समेवरच्या सीवर आणून सोडते. ओढ वाढवायची असेल तर जीमध्ये म मिसळा. ह्याला जी सेव्हन म्हणतात. नी साकडे धावतो, म गकडे उतरतो, दोघं मिळून दार ढकलतात.

पहिले तीन दिवस प्रत्येक विभागाच्या पहिल्या मात्रेवर एकदाच दाबा आणि चार मात्रा धरून ठेवा. अडखळलात तर थांबू नका, चुकलेली कॉर्ड सोडून द्या आणि पुढच्या विभागाला हजर व्हा. तबलजी थांबत नसतो. थांबून मागची चूक दुरुस्त करायची खोड लागली की पुढे कुणाबरोबरही वाजवता येत नाही, हे मी पदरमोड करून शिकलोय.

रोज वीस मिनिटं. रविवारी दोन तास बसून भरपाई होत नाही.

हात उचलू नका

चारही कॉर्ड्स वर दिल्या तशा पायापासून वाजवल्या तर हात माकडासारखा उड्या मारतो. इथे बहुतेक जण कंटाळतात, आणि इथेच सगळी गंमत आहे. कॉर्डमधले सूर कुठल्याही क्रमाने ठेवले तरी कॉर्ड तीच राहते. ध सा ग ऐवजी सा ग ध ठेवा, ती ए मायनरच. मग असं बघा:

सा ग प
सा ग ध
सा म ध
नी़ रे प

(नीखालचं टिंब मंद्र सप्तकाचं, भातखंड्यांच्या लिपीतलं.) पहिलीवरून दुसरीला जाताना फक्त प चा ध झाला. दुसरीवरून तिसरीला फक्त ग चा म. चौथीला तिन्ही सूर हलतात, पण थोडेच खाली: सा आणि ध एकेक पायरी, म दोन. डाव्या हाताच्या बोटांना करंगळी पाच, अंगठा एक असे आकडे दिले तर बोटं अशी पडतात: ५-३-१, ५-३-१, ५-२-१, आणि पुन्हा ५-३-१. करंगळी पहिल्या तीन कॉर्ड्स एका जागी बसून असते.

हे जमायला मला दहा दिवस लागले, तुम्हाला कदाचित पाच लागतील. एक युक्ती सांगतो. टीव्हीसमोर बसून मांडीवर वाजवा. आवाज नको, फक्त कुठलं बोट हलतंय ते. मी सीबीएस ते नाशिकरोड बसमध्ये बॅगेवर वाजवत जायचो. शेजारचे प्रवासी जरा सरकून बसायचे.

पेडल आत्ता आणा, आधी नाही. कॉर्ड पडली की पाय दाबा. नवी कॉर्ड पडेल त्या क्षणी पाय उचला आणि लगेच पुन्हा दाबा. पाय बोटांच्या किंचित मागे चालतो. पाय तसाच दाबून ठेवलात तर सी आणि जी एकमेकींत मिसळून नुसता गोंगाट होतो.

ठेका हातात उतरवा

धरून ठेवलेली कॉर्ड भजनाच्या संथ ओळीला छान दिसते. लय वाढली की हाताला ठेका हवा. ह्यासाठी पाश्चात्त्य नावं शिकायची गरज नाही.

दादरा घ्या. धा धी ना, धा ती ना. धावर करंगळीने कॉर्डचा पायाचा सूर एकटा, खाली. धी ना ह्या दोन मात्रांवर उरलेले दोन सूर हलके. कीबोर्डवर 'वॉल्ट्झ' लिहिलेलं असतं ते जवळपास हेच.

केरव्याच्या आठ मात्रांत पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर पायाचा सूर, तिसऱ्या आणि सातव्यावर कॉर्ड. हे पक्कं झालं की मग सूर एकेक करून सोडता येतात: सा प ग प, सा प ग प. पियानोच्या जुन्या रचनांत ही वळणं ठायी ठायी सापडतात.

कीबोर्डमध्ये आपोआप वाजणारी साथही असते, एक बोट दाबा की ढोल-गिटार सगळं हजर. ती वाईट नाही. गणपतीच्या मांडवात एकट्या माणसाला तीच तारते. पण पहिले दोन महिने तिला हात लावू नका, नाहीतर डावा हात पुन्हा मांडीवर जाईल.

पहिलं गाणं

केक कापताना सगळे म्हणतात ते वाढदिवसाचं गाणं घ्या. तीन कॉर्ड्स, तीन-तीन मात्रा, आणि वर्षातून दहा वेळा वाजवायची संधी. प्रत्येक ओळीचे पहिले दोन सूर समेच्या आधी येतात, उभी रेघ म्हणजे सम.

प़ प़ | ध़ प़ सा | नी़
प़ प़ | ध़ प़ रे | सा
प़ प़ | प ग सा | नी़ ध़
म म | ग सा रे | सा

पहिल्या ओळीत पहिल्या समेला सी, दुसऱ्या समेला जी. दुसऱ्या ओळीत उलट: जी, मग सी. तिसरीत सी, आणि ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या नावावर एफ. चौथीत गवर सी, रेवर जी, शेवटच्या सावर सी.

आधी फक्त कॉर्ड्स वाजवा आणि गा. उजव्या हाताने चाल वाजवायचीच असेल तर ती एक सप्तक वर न्या, नाहीतर चालीतला मंद्र पंचम आणि डाव्या हाताचा प एकाच पट्टीवर येऊन बोटं भांडतात.

तिसऱ्या ओळीतली एफ लावताना जरा थांबून ऐका. त्या क्षणी गळ्यात नी आहे आणि एफमध्ये नी नाहीच. तरी खटकत नाही, कारण नी लगेच धवर उतरतो आणि ध एफमध्ये आहे. चालीतला प्रत्येक सूर कॉर्डमध्ये असायलाच हवा असं नाही, हे ह्या एका जागेतून कळतं.

कुठल्या ओळीला कुठली कॉर्ड

मला सगळ्यात जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न. नेटवर बघून वाजवणं सोपं, पण कानाने शोधलेली कॉर्ड विसरत नाही. रीत अशी.

गाणं गुणगुणा आणि त्याचा सा शोधा. बहुतेक सुगम गाणी जिथे शांत होऊन थांबतात तो सा. तो पांढरी एकवर येईल असं गाऊन घ्या. मग प्रत्येक समेला चालीचा कुठला सूर लांबतोय ते बघा. समेच्या सुराकडे लक्ष द्या, मधल्या मुरक्या सोडा. आता त्या सुराला कोण कोण घर देतं:

सा – सी, एफ, ए मायनर
रे – जी, डी मायनर
ग – सी, ए मायनर, ई मायनर
म – एफ, डी मायनर
प – सी, जी, ई मायनर
ध – एफ, ए मायनर, डी मायनर
नी – जी, ई मायनर

डी मायनर म्हणजे रे म ध आणि ई मायनर म्हणजे ग प नी, दोन्ही पांढऱ्या पट्ट्यांवरच. आधी सी, एफ, जी ह्या तिघी लावून बघा. अर्धी गाणी तिथेच भागतात. ओळ जरा हळवी वाटत असेल तर सीच्या जागी ए मायनर, एफच्या जागी डी मायनर ठेवून ऐका. दोन-दोन सूर त्यांच्यात सारखे आहेत म्हणून अदलाबदल खपते. ओळ संपताना बहुधा जी आणि पुढची ओळ सुरू होताना सी.

समेला सा लांबतोय आणि तीन कॉर्ड्स चालतायत, मग कोणती? तिन्ही लावा आणि गा. सीवर सा घरी बसल्यासारखा वाटतो, एफवर तोच सा प्रशस्त होतो, ए मायनरवर त्याच सा मध्ये काहीतरी हरवल्याची छटा येते. गायक तोच, सूर तोच, अर्थ बदलला. ज्या संध्याकाळी मला हे पहिल्यांदा ऐकू आलं त्या संध्याकाळी मी जेवायला उठलो नाही.

कान तयार करायला आणखी एक जागा सुचवतो. शरणपूर भागातल्या एखाद्या चर्चमध्ये रविवारी मराठी उपासना ऐका. पाश्चात्त्य चालींची भक्तिगीतं मुळात चार आवाजांत बांधलेली असतात, जवळपास प्रत्येक शब्दागणिक कॉर्ड बदलते. शब्द मराठी असल्यामुळे लक्ष सुरांकडे ठेवता येतं.

जिथे कॉर्ड गप्प बसते

यमनमधली चाल घेतलीत तर म तीव्र असतो. तिथे सवयीने एफ दाबली की शुद्ध म आत येतो आणि यमनचा रंग उतरतो. त्याऐवजी डी मेजर लावा, रे तीव्र म ध, मध्ये काळी तीन. भैरवीत रे, ग, ध, नी कोमल. तिथे सी मायनर आणि एफ मायनर. भूपाच्या चालीत म, नी नाहीत, म्हणून ती शिकाऊ माणसाला फार सोयीची. सी आणि ए मायनर ह्या दोघींवर उजव्या हाताने सा रे ग प ध मधलं काहीही वाजवा, बेसूर होत नाही.

पण कुणी ख्याल गात असेल तर कॉर्ड लावूच नका. रागात सूर एका सा भोवती फिरतो, कॉर्ड दर चार मात्रांनी पायाच बदलते. सा आणि प धरून बसा, तेवढं बास. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तीही पट्ट्यांतून येत नाही, हे मान्य करून चालावं. काही कीबोर्डांना सूर ओढायचं चाक असतं, त्याने मींड काढू बघणाऱ्यांची मला थोडी भीती वाटते.

काळी चार

घरात बसून सगळं पांढरी एकवर जमलं की बाहेरचं जग समोर येतं. बायकांचा आवाज बहुधा काळी चारच्या आसपास, पुरुषांचा पांढरी एक, काळी एक, पांढरी दोन. कीबोर्डवर ट्रान्सपोज नावाचं बटण असतं. ते अधिक एक केलं की पांढरी एक दाबल्यावर काळी एक वाजते. काळी चारसाठी उणे चार करा.

बटण वापरा, पण वाजवून झाल्यावर शून्यावर आणायला विसरू नका. सोसायटीच्या गणपतीत मी आदल्या रात्रीचं अधिक दोन तसंच ठेवून बसलो होतो. शेजारी पेटी पांढरी एकवर. पहिली ओळ सुरू झाली आणि पेटीवाल्या काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी प्लगच काढला. बाकीची आरती टाळ वाजवून पूर्ण केली.

त्यानंतर मी बटणाशिवाय काळी चार शिकायचं ठरवलं. भीती होती की सगळ्या काळ्या पट्ट्यांच्या जंगलात हरवणार. निघालं भलतंच. काळी चारला सा मानलं तर तुमच्या तीन मुख्य कॉर्ड्स येतात काळी चार, काळी एक आणि काळी दोन ह्यांच्यावर. चार-तीन मोजून बघा: काळी चारची कॉर्ड काळी-पांढरी-काळी. काळी एकची काळी-पांढरी-काळी. काळी दोनचीही तीच. हाताचा साचा एक, फक्त जागा तीन. मधलं बोट खाली दरीत, कडेची दोन वर डोंगरावर. सी, एफ, जीचा साचाही असाच एक, तिन्ही पांढऱ्या, आणि पांढरी दोन, तीन, सहा ह्यांच्या मेजर कॉर्ड्स पांढरी-काळी-पांढरी. बारा मेजर कॉर्ड्सपैकी नऊ ह्या तीन साच्यांत बसल्या. उरलेल्यांत काळी तीनची सगळी काळी, पांढरी सातची पांढरी-काळी-काळी आणि काळी पाचची काळी-पांढरी-पांढरी.

गाणारी आत्या घरी आली की आता मी पट्टी कुठली ते विचारत नाही. कीबोर्ड चालू करतो, ट्रान्सपोजचा आकडा शून्य आहे ना ते बघतो, करंगळी काळी चारवर ठेवतो. तिसरं बोट दोन काळ्यांच्या डावीकडच्या पांढऱ्या पट्टीवर पडतं, म्हणजे जिथून आपण सगळं सुरू केलं त्या पांढरी एकवर, आणि अंगठा काळी दोनवर. ती डोळे मिटून सा लावते.